सेरापियनला उशीर झाला नव्हता

इ. स. २५० च्या २६ जूनला इजिप्तच्या फयूम भागातील एका खेड्यात ऑरेलियस डायोजेनेस नावाच्या ७२ वर्षांच्या म्हाताऱ्याने सरकारदरबारी एक अर्ज दिला. बापाचे नाव सटाबूस, गाव ‘अलेक्झांडरचे बेट’, ओळखीची खूण उजव्या भुवईवरचा व्रण. अर्जाचा मजकूर ठरीव साच्याचा होता. आपण देवांना नेहमीच बळी देत आलो आहोत, आताही आज्ञेप्रमाणे अधिकाऱ्यांच्या देखत बळी दिला, देवापुढे पेय ओतले, बळीचे मांस चाखले, तरी तशी साक्ष लिहून मिळावी, एवढीच त्याची मागणी. पपायरसचा हा तुकडा पुढे बर्लिनला पोचला आणि फ्रिट्झ क्रेब्ज या संशोधकाने तो १८९३ मध्ये छापला. मग असे तुकडे सापडतच गेले. आज त्यांची संख्या चाळिसाच्या वर आहे. बरेचसे थिआडेल्फिया या एकाच गावचे आहेत आणि त्यांवर ऑरेलियस सेरेनस व ऑरेलियस हर्मास या दोघांनी ‘बळी देताना आम्ही पाहिले’ अशी साक्ष घातलेली आहे. तारखा सगळ्या त्याच उन्हाळ्यातल्या, जून-जुलैच्या.

डायोजेनेस ख्रिस्ती होता असे समजायला काही आधार नाही. सम्राट डेशियसची आज्ञा ख्रिस्ती लोकांचे नाव घेऊन निघालेली नव्हती. साम्राज्यातल्या सगळ्या रहिवाशांनी बळी द्यावा, अशी ती होती. या दाखल्यांत एक दाखला मगरदेव पेटेसूखोस याच्या पुजारणीचाही आहे. जिचे पोटच देवावर चालते, तिलाही आपण देवभक्त असल्याचा कागद काढावा लागला, यावरून कारभार किती काटेकोर होता ते कळते. इतरांना हा एक सरकारी सोपस्कार होता. ख्रिस्ती माणसाला मात्र तीन बोटांनी धूप टाकणे किंवा मांसाचा तुकडा जिभेवर ठेवणे म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी दिलेला शब्द मोडणे होते.

अलेक्झांड्रिया शहरातला असा एकही दाखला आपल्यापर्यंत आलेला नाही. नाईलच्या मुखाकडची जमीन ओली, तिथे पपायरस टिकत नाही. फयूमच्या कोरड्या वाळूत टिकतो. म्हणून ज्या म्हाताऱ्याची हकीकत इथे सांगायची आहे, त्याच्या हातात पडलेला दाखला आपल्याला दिसत नाही. त्याचे वय, त्याच्या बापाचे नाव, चेहऱ्यावरची खूण, काहीच ठाऊक नाही. त्याचे नाव सेरापियन. त्याने बळी दिला होता एवढे नक्की, आणि तेही त्याच्या बिशपने लिहिले आहे म्हणून.

तो बिशप म्हणजे अलेक्झांड्रियाचा डायोनिसियस. सुमारे २४७ ते २६४ या काळात तो त्या गादीवर होता. त्याची बहुतेक पत्रे मुळात स्वतंत्रपणे आज मिळत नाहीत, पण पॅलेस्टाईनमधील सिझेरियाच्या ग्रंथालयात त्यांचा संग्रह होता. पाऊणशे वर्षांनी युसेबियसने आपला ख्रिस्तमंडळीचा इतिहास लिहिताना त्यातले लांबच लांब उतारे जसेच्या तसे उतरवून घेतले. सेरापियनची हकीकत त्या इतिहासाच्या सहाव्या भागात, ४४ व्या प्रकरणात आहे. ती अँटिओकचा बिशप फेबियस याला लिहिलेल्या पत्रातली आहे. याच पत्रातले आधीचे उतारे ४१ व ४२ व्या प्रकरणांत येतात, आणि ते वाचल्याशिवाय ४४ वे प्रकरण नीट कळत नाही.

आधीच्या उताऱ्यांत डायोनिसियस शहरातली धांदल सांगतो. बादशाही आज्ञा येण्याच्या वर्षभर आधीच अलेक्झांड्रियात ख्रिस्ती लोकांविरुद्ध दंगल उसळली होती. अपोलोनिया या वृद्ध स्त्रीचे दात फोडले गेले, ते तेव्हाच. मग आज्ञा आली. प्रतिष्ठित माणसे सर्वांत आधी धावली, काही भीतीने, काही सरकारी नोकरीपायी, काहींना नातेवाइकांनी ओढत नेले. वेदीपाशी जाताना कित्येकांचे चेहरे पांढरेफटक पडले होते, जणू बळी द्यायला नव्हे, बळी जायलाच निघाले होते, आणि भोवतीचे लोक हसत होते. मरायलाही भितात आणि बळी द्यायलाही भितात, म्हणून. दुसरे काही मात्र ताठ मानेने पुढे गेले आणि आपण कधी ख्रिस्ती नव्हतोच असे सांगून मोकळे झाले. सेरापियन यांतल्या कोणत्या घोळक्यात होता, हे पत्र सांगत नाही.

आता ४४ वे प्रकरण. सेरापियन म्हातारा, श्रद्धावंत. बराच काळ निष्कलंक जगलेला. परीक्षेच्या वेळी पडला. त्यानंतर त्याने वारंवार क्षमा मागितली, पण कोणी लक्ष दिले नाही, कारण त्याने बळी दिला होता. पुढे तो आजारी पडला. तीन दिवस वाचा नाही, शुद्ध नाही. चौथ्या दिवशी थोडा सावरला तेव्हा त्याने मुलीच्या मुलाला जवळ बोलावले आणि मला किती वेळ अडकवून ठेवणार असे विचारत, लवकर मोकळे करा, एखाद्या धर्मगुरूला आणा, अशी विनवणी केली. एवढे बोलून त्याची वाचा पुन्हा गेली. मुलगा धर्मगुरूकडे पळाला. रात्र झाली होती आणि धर्मगुरू स्वतःच आजारी होता, त्याला येता येईना. परंतु मरणाच्या दारात असलेल्यांनी मागितले तर, विशेषतः त्यांनी आधीही मागितलेले असेल तर, त्यांना क्षमा द्यावी, म्हणजे ते आशेने निघतील, असा हुकूम डायोनिसियसने आधीच दिलेला होता. त्या हुकमाच्या बळावर धर्मगुरूने ख्रिस्तप्रसादाचा लहानसा तुकडा मुलाच्या हाती दिला आणि तो भिजवून आजोबांच्या तोंडात थेंब-थेंब सोडायला सांगितले. मुलगा परतला. तो आत येण्याआधीच सेरापियन पुन्हा शुद्धीवर आला होता. धर्मगुरूला येणे जमले नाही ना, मग त्याने सांगितले ते लवकर कर आणि मला जाऊ दे, असे त्यानेच नातवाला म्हटले. मुलाने तुकडा भिजवून तोंडात सोडला. थोडेसे गिळले आणि म्हाताऱ्याने प्राण सोडला.

शेवटी डायोनिसियस फेबियसला विचारतो: क्षमा मिळेपर्यंत देवाने याला मुद्दाम राखून ठेवले होते, हे उघड नाही काय?

डायोनिसियसने गोष्ट फार आटोपशीर लिहिली आहे, आणि नेमक्या याच कारणाने इतिहासकाराने तिच्याकडे जरा संशयाने पाहावे. खोलीत कोण होते? मरणारा आणि नातू. मुलाने धर्मगुरूला काय सांगितले हे धर्मगुरूला ठाऊक. दाराशी काय घडले हे फक्त मुलाला ठाऊक. म्हणजे बिशपपर्यंत ही हकीकत एकतर त्या मुलाच्या तोंडून थेट आली किंवा मुलाने धर्मगुरूला सांगितली आणि धर्मगुरूने बिशपला. मधल्या प्रवासात तिला धार चढली असण्याची शक्यता धरायला हवी. धर्मगुरू येणार नाही हे सेरापियनला कसे कळले, हा चमत्काराचा धागा याच प्रवासात विणला गेला असेल किंवा मुलगा एकटाच परतलेला पाहून म्हाताऱ्याने ताडले असेल. दारातून येणाऱ्या पावलांच्या आवाजावरूनही तेवढे कळते. कागद दोन्हींपैकी एकही ठरवू देत नाही. तीन दिवस बंद पडलेली वाचा पाहून आजचा डॉक्टर पक्षाघात म्हणेल, पण पत्रात ‘आजार’ याहून जास्त काही नाही.

दुसरा प्रश्न बिशपच्या ठावठिकाण्याचा. छळाच्या सुरुवातीला डायोनिसियस चार दिवस घरीच पकडायला येणाऱ्या शिपायाची वाट पाहत बसला होता आणि शिपाई घर सोडून सगळीकडे त्याला शोधत होता, असे त्यानेच दुसऱ्या एका पत्रात लिहिले आहे. मग तो बाहेर पडला, पकडला गेला, आणि टापोसिरिस येथे लग्नाच्या वऱ्हाडातले खेडूत धावून आले, त्यांनी त्याला सोडवले. हे लुटारूच आले असे समजून बिशपसाहेब अंगावरचे कपडे काढून द्यायला निघाले होते! शेवटी खेडुतांनी हातापायांना धरून ओढत नेले आणि खोगीर नसलेल्या गाढवावर बसवले. पुढचा काळ त्याने लिबियाच्या वैराण भागात लपून काढला. म्हणजे सेरापियन मेला त्या रात्री डायोनिसियस अलेक्झांड्रियात होता की नाही, हे नक्की धरता येत नाही. सेरापियनने ‘वारंवार’ मागितली ती क्षमा कुणाकडे मागितली? कदाचित बिशपकडे नव्हेच; शहरात लपूनछपून हिंडणाऱ्या धर्मगुरूंकडे. अशा चौघांची नावे डायोनिसियसने एका पत्रात दिली आहेत: मॅक्झिमस, डायोस्कोरस, डेमेट्रियस, ल्युशियस. त्या रात्रीचा आजारी धर्मगुरू यांतलाच एक असेल असे म्हणण्याचा मोह होतो. आधार मात्र काही नाही, म्हणून तो मोह आवरलेला बरा.

नक्की काय धरता येते? तर तो हुकूम. हुकूम बिशपचा स्वतःचा, पत्र बिशपचे स्वतःचे. स्वतःच काढलेल्या आदेशाबद्दल त्याची आठवण चुकायचे कारण नाही. आणि धर्मगुरूच्या घरी ख्रिस्तप्रसाद ठेवलेला असे, तो पोरासोरांच्या हातूनही पाठवला जाई, हेही नक्की. कारण डायोनिसियस हे काही नवल म्हणून सांगत नाही, जाता जाता सांगतो. हेतुपुरस्सर सांगितलेल्या गोष्टीपेक्षा जाता जाता निसटलेली गोष्ट पुरावा म्हणून जास्त वजनदार असते. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये प्रॉटेस्टंट जॉन ज्युएल आणि कॅथलिक थॉमस हार्डिंग यांचा मिस्सेवरून, म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या विधीवरून, जो वाद पेटला, त्यात सेरापियनच्या तोंडातला हा तुकडा दोघांनीही ओढाताण करून वापरला. सेरापियनच्या पश्चात्तापाशी त्या दोघांनाही फारसे देणेघेणे नव्हते.

हुकमातल्या ‘विशेषतः’ या अटीकडे परत यायचे आहे, पण त्याआधी ही गोष्ट फेबियसलाच का सांगितली, ते पाहू.

जानेवारी २५० मध्ये रोमचा बिशप फेबियन मारला गेला. छळ चालू असल्याने वर्षाहून अधिक काळ जागा रिकामी राहिली. २५१ च्या मार्चमध्ये कॉर्नेलियसची निवड झाली आणि लगेच त्याच्याविरुद्ध नोव्हेशियन या विद्वान धर्मगुरूला त्याच्या पक्षाने बिशप करून टाकले. वाद एकाच गोष्टीवर होता: ज्यांनी बळी दिला, त्यांना मंडळीत परत घ्यायचे की नाही. नोव्हेशियन म्हणे, नाही. युसेबियस सांगतो की अँटिओकचा फेबियस या पक्षाकडे थोडा झुकत होता. तिथे नोव्हेशियनच्या बाजूने सभा भरवण्याचा घाट घातला जात होता, म्हणून टार्ससचा हेलेनस, कॅपाडोशियाचा फर्मिलियन आणि सिझेरियाचा थिओक्टिस्टस यांनी डायोनिसियसला बोलावणे धाडले. तेव्हा सेरापियनची गोष्ट म्हणजे एका झुकत्या बिशपला सावरण्यासाठी लिहिलेले वकिली पत्र आहे. त्याने ती खोटी ठरत नाही, पण त्यात काय ठेवले आणि काय गाळले, याचा हिशेब या हेतूने केला असणार. फेबियस लवकरच, २५२-५३ च्या सुमारास वारला, आणि त्यामुळे पत्राची कालमर्यादाही ठरते.

नोव्हेशियनबद्दल कॉर्नेलियसनेही फेबियसला पत्र लिहिले, तेही युसेबियसने जपले आहे. रोमच्या मंडळीत तेव्हा ४६ धर्मगुरू, ७ डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीचे सेवक) आणि दीड हजारांवर विधवा व गरजू होते, हा अभ्यासकांना प्रिय असलेला आकडा त्याच पत्रातला. त्यात कॉर्नेलियस आपल्या प्रतिस्पर्ध्याची एक नाजूक गोष्ट उघडी करतो: नोव्हेशियन स्वतः मोठ्या आजारात, मरणार असे वाटत असताना, अंथरुणावरच पाणी ओतून बाप्तिस्मा घेतलेला माणूस होता. वैऱ्याच्या तोंडची गोष्ट म्हणून ती जपूनच घ्यावी. पण नोव्हेशियनविरुद्धचा खरा पुरावा त्याच्याच लेखणीचा आहे. रोमची गादी रिकामी असताना तिथल्या धर्मगुरूंनी कार्थेजचा बिशप सिप्रियन याला पत्र लिहिले. सिप्रियनच्या पत्रसंग्रहात त्याचा क्रमांक ३०. हे पत्र नोव्हेशियननेच रचले, असे सिप्रियन पुढे एका पत्रात सांगतो. त्यात बळी दिलेल्यांना घाईने परत घेऊ नये, नवा बिशप निवडेपर्यंत थांबावे, अशी सावध भाषा आहे. पण जे मरायला टेकले आहेत, ज्यांनी रडून पश्चात्ताप केला आहे आणि जगण्याची आशा उरलेली नाही, त्यांना मात्र जपून मदत करावी. देव त्यांचे काय करील ते देव जाणे, असेही तीच लेखणी म्हणते. वर्षभरात ती उलटी फिरली. बिशपपदाची आशा आणि सिद्धान्त यांतले काय आधी फिरले, ते मी वाचकावर सोडतो.

त्याच उन्हाळ्यात, म्हणजे डायोजेनेस म्हातारा फयूममध्ये अर्ज लिहीत होता त्या सुमारास, कार्थेजमध्ये सिप्रियन लपून बसल्या जागेवरून आपल्या धर्मगुरूंना लिहीत होता. १८ व्या पत्रात तो म्हणतो की उन्हाळा लागला आहे, हा रोगराईचा काळ, तेव्हा ज्यांच्यापाशी हुतात्म्यांच्या शिफारशीची चिठ्ठी आहे आणि जे आजाराने संकटात आहेत, त्यांना माझी वाट पाहायला लावू नका. धर्मगुरू नसेल तर डीकनने त्यांची कबुली ऐकावी आणि हात ठेवून त्यांना शांतीने जाऊ द्यावे. हा माणूस मूळचा वक्तृत्वाचा शिक्षक, पण इथे त्याची भाषा कचेरीतल्या परिपत्रकासारखी रोखठोक आहे. अलेक्झांड्रियातला हुकूम आणि कार्थेजचे हे परिपत्रक एकमेकांना न विचारता निघालेले दिसतात, आणि दोन्हींच्या मुळाशी एकच व्यावहारिक अडचण आहे: लोक मरत होते आणि धर्मसभा भरायला अवकाश होता.

२५१ मध्ये कार्थेजला सभा भरली. पैसे चारून नुसता दाखला मिळवणाऱ्यांना प्रकरण पाहून परत घ्यावे, प्रत्यक्ष बळी देणाऱ्यांना आयुष्यभर प्रायश्चित्त करू द्यावे आणि मरतेवेळी क्षमा द्यावी, असा निवाडा झाला. अँटोनियानस नावाच्या डळमळीत बिशपला सिप्रियनने हे सगळे समजावून सांगितले, ते ५५ वे पत्र. त्यात दोन जागा अशा आहेत की आपल्या विषयाचे मर्म तिथेच सापडते.

पहिली जागा जवळजवळ विनोदी आहे. मरणाच्या दारात म्हणून क्षमा दिली आणि माणूस बराच झाला, तर काय करायचे? नोव्हेशियनचे लोक यावरून टोमणे मारत असणार. सिप्रियन चिडून लिहितो की मग आता त्यांचा गळा दाबून त्यांना मारायचे काय? क्षमा दिली म्हणजे मेलेच पाहिजे, असा नियम थोडाच आहे! डायोनिसियसलाही हाच प्रश्न पडला होता. हर्मोपोलिसचा बिशप कोनोन याला त्याने पश्चात्तापावर पत्र लिहिले होते, त्याचा एक तुकडा उरला आहे. मरताना मोकळे केलेला माणूस वाचला, तर त्याच्यावर पुन्हा पापाचे ओझे चढवणे मला योग्य वाटत नाही, असे तो तिथे म्हणतो. देवाची दया एकदा दिली आणि मग काढून घेतली, असे होऊ नये.

दुसरी जागा कठोर आहे. ज्यांनी धडधाकट असताना पश्चात्ताप केला नाही, दुःख दाखवले नाही, आणि आजाराने गाठल्यावरच क्षमा मागायला लागले, त्यांना मुळीच आशा देऊ नये, असे सिप्रियन सांगतो. कारण त्यांना पापाचे दुःख झालेले नाही, समोर दिसणाऱ्या मरणाने त्यांना हाकलले आहे. आपण मरणार याचा ज्याने विचार केला नाही, त्याला मरतानाच्या दिलाशावर हक्क नाही.

आता डायोनिसियसच्या हुकमातली अट आठवावी: विशेषतः ज्यांनी आधीही मागितले असेल, त्यांना. सिप्रियनची अट आणि ही अट एकाच वळणाच्या आहेत. फरक एवढाच की डायोनिसियस ‘विशेषतः’ म्हणतो, म्हणजे आधी न मागितलेल्याला दार बंद करत नाही; सिप्रियन करतो. त्या काळच्या सगळ्या कागदांत मला हा एक शब्द मोलाचा वाटतो. सेरापियन तर सिप्रियनच्या तराजूतही पार पडला असता. त्याने धडधाकट असताना मागितले होते, वारंवार मागितले होते, आणि त्याचा स्वतःचा बिशप लिहितो की कोणी लक्ष दिले नाही. ‘शेवटच्या क्षणी पश्चात्ताप’ याचे जुने उदाहरण म्हणून त्याची गोष्ट नेहमी दिली जाते. कागद वाचले तर ती तशी नाही. त्याचा पश्चात्ताप जुना होता. शेवटच्या क्षणी आली ती मंडळीची क्षमा. उशीर झाला तो देणाऱ्यांना, मागणाऱ्याला नव्हे. डायोनिसियसला हे उमगले होते का? ‘कोणी लक्ष दिले नाही’ हे वाक्य त्याने गाळले असते तरी गोष्ट बिघडली नसती, आणि फेबियसला पटवण्याच्या दृष्टीने ते थोडे अडचणीचेच होते. ते राहू दिले, याचा अर्थ ज्याने त्याने लावावा. मी त्याला बिशपच्या प्रामाणिकपणाच्या खात्यावर जमा करतो.

पुढच्या दीडशे वर्षांत काटा दोन्हीकडे हेलकावत राहिला. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनमध्ये एल्व्हिरा येथे भरलेल्या सभेने पहिल्याच नियमात ठरवले की बाप्तिस्मा घेतलेल्या प्रौढाने देवळात जाऊन मूर्तीला बळी दिला, तर त्याला मरतेवेळीही ख्रिस्तप्रसाद नाही. सेरापियन स्पेनमध्ये असता तर त्या धर्मगुरूने मुलाला रिकाम्या हाती परत पाठवले असते. ३१४ मध्ये आर्लच्या सभेने सिप्रियनची अट उचलली: ज्यांनी धर्म सोडला, कधी प्रायश्चित्त मागितले नाही आणि आजारात अडकल्यावर मागतात, त्यांना बरे होऊन पश्चात्तापाची फळे दाखवल्याशिवाय काही देऊ नये. ३२५ मध्ये नायसियाच्या महासभेने १३ वा नियम केला. कोणीही मरत असताना त्याला शेवटच्या, सर्वांत आवश्यक अशा शिदोरीवाचून पाठवू नये, हा जुना नियम पाळावा, असे त्यात म्हटले आहे. ‘जुना नियम’ हे शब्द लक्षात घेण्याजोगे. एल्व्हिराच्या वडीलधाऱ्यांना तो जुना नियम ठाऊक नसावा किंवा असूनही मान्य नसावा. बरा झाला तर मात्र त्याने प्रार्थनेपुरत्या सामील होणाऱ्यांत राहावे, असेही नायसिया सांगते. म्हणजे इथे डायोनिसियसपेक्षा एक पाऊल मागे.

याच महासभेतली एक गोष्ट सॉक्रेटीस या इतिहासकाराने शंभरेक वर्षांनी लिहिली. सम्राट कॉन्स्टंटाईनने नोव्हेशियन पंथाचा बिशप असेसियस याला विचारले की, आमच्या सगळ्या निर्णयांशी तू सहमत आहेस, तर मग वेगळा का राहतोस? असेसियसने डेशियसच्या छळाची कथा सांगितली आणि म्हटले की, ज्यांनी मरणाचे पाप केले त्यांना पश्चात्तापाला जरूर लावावे, पण क्षमेची आशा धर्मगुरूकडून नव्हे, देवाकडून धरावी. त्यावर सम्राटाने त्याला सुनावले की, मग शिडी लाव आणि एकटाच स्वर्गात चढ. ही गोष्ट आपण ऑक्झॅनॉन नावाच्या म्हाताऱ्याकडून ऐकली आणि तो तरुणपणी असेसियसबरोबर तिथे होता, असे सॉक्रेटीस सांगतो. ऑक्झॅनॉन स्वतः नोव्हेशियन पंथाचा. म्हणून आपल्याच बिशपची फजिती त्याने रचली असेल असे वाटत नाही. शिडीचा टोमणा मारणाऱ्या त्या सम्राटाने स्वतःचा बाप्तिस्मा मात्र ३३७ मध्ये, निकोमेडियाजवळ, मरणाच्या काठावर घेतला.

असेसियसचे म्हणणे नीट पाहिले तर तो देवाच्या दयेला नाही म्हणत नाही. देवाच्या दयेची ग्वाही द्यायचा हक्क माणसाला आहे का, एवढाच त्याचा प्रश्न आहे, आणि तो प्रश्न मूर्खपणाचा नाही. नोव्हेशियनच्या ३० व्या पत्रातले ‘देव जाणे’ आणि असेसियसचे ‘देवाकडून’ यांत फार अंतर नाही. अंतर पडते ते खाटेपाशी. मरणाऱ्याला ‘देव जाणे’ असे सांगून निघून जाणे सिद्धान्ताला धरून असेल, पण सेरापियनने नातवाला पाठवले ते सिद्धान्त ऐकायला नव्हे.

तुलूजचा बिशप एक्झुपेरियस याने पोप पहिला इनोसंट याला हाच प्रश्न विचारला, त्याला ४०५ च्या फेब्रुवारीत उत्तर गेले: आयुष्यभर विषयांत रमलेला माणूस मरताना प्रायश्चित्त आणि ख्रिस्तप्रसाद एकदम मागतो, तर काय करावे? इनोसंटचे उत्तर इतिहासकाराला आवडावे असे आहे. पूर्वीची रीत कडक होती, नंतरची दयेने मवाळ झाली, असे तो उघड मान्य करतो. छळाच्या काळात सवलत सोपी झाली असती तर लोक बिनधास्त पडले असते, म्हणून तेव्हा मरताना प्रायश्चित्त देत, प्रसाद नाकारत. आता देवाने मंडळीला शांती दिली आहे, तेव्हा नोव्हेशियनची कठोरता आपण चालवतो असे दिसू नये म्हणून दोन्ही द्यावीत. धर्माचा नियम परिस्थितीप्रमाणे बदलला, असे स्वतः पोपच्या लेखणीतून इतक्या सरळ शब्दांत क्वचितच वाचायला मिळते.

तरीही गॉलमधले काही बिशप मरणाऱ्यांना प्रायश्चित्त नाकारत होते. ४२८ मध्ये पोप सेलेस्टीनने व्हिएन आणि नार्बोन प्रांतांच्या बिशपांना धाडलेल्या पत्रात याचा धिक्कार केला. क्रुसावर ख्रिस्ताच्या उजव्या हाताला लटकलेल्या त्या चोराला एका घटकेचा पश्चात्ताप उपयोगी पडला नसता, तर त्याचे बक्षीस गेले असते, हा दाखला त्याने दिला. सेरापियनच्या कथेत डायोनिसियस या चोराचे नाव काढत नाही. त्याचे कारण आता समजावे. चोराने त्या घटकेआधी काही मागितले नव्हते. सेरापियनने मागितले होते.

आजचा नियम डायोनिसियसच्या हुकमाच्याच वळणाचा आहे. रोमन कॅथलिक मंडळीच्या १९८३ च्या कायद्यात कलम ९७६ असे आहे: पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार नसलेला कोणताही धर्मगुरू, मरणाच्या संकटातल्या कोणाही पश्चात्तापी माणसाला कोणत्याही पापातून, कोणत्याही धर्मदंडातून वैधपणे मोकळे करू शकतो, अधिकार असलेला दुसरा धर्मगुरू तिथे हजर असला, तरीही.